पेशीचा पत्ता सांगणारा रंग

संपादक मंडळाने सांगितलं, "यंदा पावसाच्या कविता खूप आल्यात, तू काहीतरी टेक्निकल दे." टेक्निकल म्हटलं की आपल्याकडे रोबोट किंवा उपग्रह. माझा विषय मात्र आमच्या घरातून आलाय. तो कॅन्सरचा आहे म्हणून पान उलटू नका. यात रडारड कमी आणि फिल्टर, एलईडी, फोटोडायोड जास्त आहेत.

माझी आत्या शिरूर तालुक्यात न्हावऱ्याजवळच्या एका वाडीत राहते. आयुष्यभर सकाळी उठलं की चूल पेटवायच्या आधी मिश्री. तव्यावर तंबाखू भाजायची, वाटायची, डबीत भरायची. तिची आई लावायची, सासू लावायची, म्हणून तीही. मी बारावीला असताना तिच्या गालाला आतून फोड आला. "दात लागतोय" म्हणून तिने चार महिने काढले. तिखट खाता येईना तेव्हा कुठे दवाखाना. तुकडा तपासायला गेला आणि रिपोर्ट आला कॅन्सरचा.

ऑपरेशन झालं. आठ-दहा दिवसांनी दुसरा रिपोर्ट आला. काढलेल्या भागाच्या एका कडेला कॅन्सरच्या पेशी अगदी काठाजवळ सापडल्या होत्या. पुन्हा ऑपरेशन, मग रेडिएशन. दुसऱ्यांदा आत नेण्याआधी आत्याने मला विचारलं, "बाळा, आतलं सगळं काढलं हे डॉक्टरला कळतं कसं रे?"

मी काहीतरी उत्तर दिलं. खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. इंजिनिअरिंगला येऊन, फिजिक्सचे दोन पेपर देऊन आणि दौंडच्या रूमवर बरंच वाचून आता थोडंफार कळलंय. हा लेख म्हणजे तिच्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर.

डोळा आणि बोट

सर्जनकडे मुख्य साधनं दोन, डोळा आणि बोट. गाठ कडक लागते, रंग वेगळा दिसतो, त्यावरून अंदाज. पण शेतात हरळी कशी पसरते माहिती आहे ना? वर दिसते तिथेच ती संपत नाही. कॅन्सरचंही तसंच. गाठीच्या कडेने काही पेशी चांगल्या मांसात शिरलेल्या असतात आणि त्या दिसायला बाकीच्यांसारख्याच असतात. म्हणून सर्जन गाठीच्या सगळ्या बाजूंनी थोडा निरोगी भागही काढतात. या भागाला मार्जिन म्हणतात. तोंडाच्या कॅन्सरमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली निदान ५ मिलिमीटर मार्जिन स्वच्छ दिसलं तर ते सुरक्षित मानतात.

मग सरळ दोन-दोन इंच का नाही कापत? कारण ते तोंड आहे. जास्त कापलं तर बोलणं जातं, गिळणं जातं, चेहरा जातो. मेंदूत तर एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी हात लुळा पडू शकतो. ऑपरेशन चालू असताना एखादा तुकडा गोठवून लगेच तपासता येतो, त्याला फ्रोजन सेक्शन म्हणतात. पण कडेचा प्रत्येक मिलिमीटर असा तपासणं शक्य नसतं. कमी कापलं तर रोग राहतो, जास्त कापलं तर माणूस अधू होतो. आत्याच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

आता कल्पना करा, कॅन्सरच्या पेशी स्वतःच चमकल्या तर?

प्रकाशाची सुट्टी नोट

चमकणं म्हणजे फ्लुओरोसन्स, मराठीत प्रतिदीप्ती. सर जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये पाहिलं की क्विनाइनचं पाण्यासारखं स्वच्छ द्रावण उन्हात धरलं की निळसर झळकतं. हे क्विनाइन म्हणजे मलेरियावरचं कडू औषध. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी त्याचं गणित मांडलं. पदार्थ कमी तरंगलांबीचा प्रकाश घेतो आणि जास्त तरंगलांबीचा परत देतो. फ्लुओरस्पार नावाच्या खनिजावरून फ्लुओरोसन्स हा शब्दही त्यांचाच.

हे असं समजा. शिडीच्या तीन पायऱ्या एका दमात चढलात. वर गेल्यावर एक पायरी घसरलात, तेवढी ऊर्जा उष्णतेत गेली. मग उरलेल्या दोन पायऱ्यांवरून खाली उडी मारलीत. उडीतून निघणारा प्रकाश चढताना घेतलेल्यापेक्षा कमी ऊर्जेचा असणारच. ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्या-निळ्या फोटॉनची ऊर्जा साधारण ३.०६ इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि ६३५ नॅनोमीटरच्या लाल फोटॉनची १.९५. मधले १.११ वाटेत खर्च झाले. एसटीत कंडक्टर शंभराची नोट घेतो आणि तिकिटाचे कापून उरलेले परत देतो, तसंच. हा सगळा व्यवहार सहसा काही नॅनोसेकंदांत उरकतो.

घरी करून बघायचं असेल तर पुण्याच्या तपकीर गल्लीतून एक अल्ट्राव्हायोलेट एलईडी टॉर्च आणा, नोटा तपासतात तसली. (डोळ्यात मारू नका.) अंधारात टॉनिक वॉटरवर मारा, निळं दिसेल. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळा, पिवळी-हिरवी झळक येईल. पालकाची पानं ठेचून स्पिरिटमध्ये भिजवा, तो हिरवा अर्क चक्क लाल दिसेल. आणि निरम्यात धुतलेला पांढरा शर्ट का झळकतो ते शोधणं तुमच्यावर सोडतो.

रंगाला पत्ता कोण सांगतो?

चमकणारे रंग जुनेच आहेत. फ्लुओरेसीन हा रंग १८७१ मध्ये अडॉल्फ फॉन बायर यांनी तयार केला आणि १९४८ मध्ये मेंदूतल्या गाठी ओळखायला तो वापरून पाहिला गेला. अडचण चमकण्याची नाही, पत्त्याची आहे. रंग रक्तात सोडला की तो अंगभर जाणार. फक्त कॅन्सरच्या पेशीतच थांब, हे त्याला सांगायचं कसं? मला समजलेल्या चार युक्त्या सांगतो.

पहिली युक्ती, गळका पाट. कॅन्सरची गाठ घाईघाईत वाढते, त्यामुळे तिच्या रक्तवाहिन्या कच्च्या, भोकाभोकांच्या असतात आणि निचराही नीट नसतो. रक्तातले मोठे रेणू तिथे गळतात आणि साचून राहतात. जपानमधल्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये हे मांडलं. इंडोसायनिन ग्रीन, म्हणजे आयसीजी, हा अमेरिकेत १९५९ पासून मान्यता असलेला रंग रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून असाच साचतो. पण हा काही खरा नेम नव्हे. सूज असेल तिथेही पाट गळतोच.

दुसरी युक्ती, अर्धवट राहिलेलं काम. ५-एएलए नावाचं औषध रोग्याला ऑपरेशनच्या काही तास आधी पाण्यात विरघळवून प्यायला देतात. गंमत म्हणजे ते स्वतः चमकत नाही. आपलं शरीर त्यापासून पायरीपायरीने हीम बनवतं, रक्ताला लाल करणारं तेच हीम. शेवटच्या पायरीच्या आधी प्रोटोपॉर्फिरिन हा पदार्थ तयार होतो आणि मग एक एन्झाइम त्यात लोखंडाचा अणू बसवतो. ग्लायोमा या मेंदूच्या कॅन्सरमध्ये हे काम नीट होत नाही, त्यामुळे प्रोटोपॉर्फिरिन पेशीत तुंबतं. त्यावर निळा प्रकाश टाकला की गाठ लाल चमकते. आजूबाजूचा मेंदू निळाच राहतो.

जर्मनीतल्या रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. या रंगाच्या मदतीने ६५ टक्के रोग्यांमध्ये दिसणारी गाठ पूर्ण काढता आली, नेहमीच्या दिव्याखाली ३६ टक्क्यांमध्ये. युरोपात २००७ मध्ये आणि अमेरिकेत २०१७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. आपल्याकडे टाटा मेमोरियलच्या न्यूरोसर्जननीही तो वापरून त्यावर शोधनिबंध लिहिलेत. एक पथ्य मात्र आहे. हे औषध घेतल्यावर एक-दोन दिवस रोग्याला उन्हापासून आणि प्रखर दिव्यापासून जपावं लागतं, कारण कातडीतही थोडं प्रोटोपॉर्फिरिन असतं आणि ती भाजू शकते.

मुंबईच्या गिरणीतून सुरू झालेली गोष्ट

तिसरी युक्ती माझी सगळ्यात आवडती. तिची सुरुवात आपल्या मुंबईत झाली.

१९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईला आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग व्हायचा. रक्तपेशी फुगून मोठ्या व्हायच्या, रक्त कमी व्हायचं आणि बाया दगावायच्या. विल्सबाईंनी त्यांच्या आहाराचा अभ्यास केला, प्राण्यांवर प्रयोग केले आणि १९३१ मध्ये दाखवून दिलं की मार्माइट, म्हणजे यीस्टचा अर्क, दिला की हा रोग बरा होतो. त्यातल्या अनोळखी घटकाला 'विल्स फॅक्टर' नाव पडलं. पुढे कळलं की तो फॉलिक ॲसिड. आज आपल्या वाड्यावस्त्यांवर आशाताई गरोदर बायकांना लोहाची जी लाल गोळी देतात, त्या गोळीत लोहाबरोबर हेच असतं.

फॉलिक ॲसिड कशाला लागतं? नवा डीएनए बनवायला. ज्या पेशीला भराभर दुप्पट व्हायचंय तिला ते जास्त लागतं. कॅन्सरची पेशी अशीच हावरट. १९४० च्या दशकात आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने फॉलिक ॲसिडसारखे दिसणारे पण पेशीला उपाशी मारणारे रेणू तयार केले. त्यांतल्याच एकाने १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांचा आजार काही काळ मागे हटवून दाखवला.

आता रंगाकडे. ओव्हरीच्या बहुतेक कॅन्सरमध्ये पेशीच्या पृष्ठभागावर फॉलिक ॲसिड आत ओढणारे हात, म्हणजे फोलेट रिसेप्टर, निरोगी पेशींपेक्षा कितीतरी जास्त असतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या फिलिप लो यांना वाटलं, या हातात फॉलिक ॲसिडसारख्या रेणूला बांधलेला रंगच दिला तर? पेशी घास समजून पकडणार आणि स्वतःचा पत्ता देणार! या कल्पनेवर २०११ मध्ये ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये माणसांवरचे पहिले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यातून पुढे आलेल्या पाफोलासायनिन या रंगाला अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०२१ मध्ये ओव्हरीच्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी मान्यता दिली. ओव्हरीच्या चाचणीत ज्या १३४ बायकांना रंग देऊन तपासलं, त्यांच्यापैकी सुमारे २७ टक्क्यांमध्ये डोळ्याला आणि बोटाला न सापडलेली निदान एक तरी कॅन्सरची जागा या रंगाने दाखवली. मजा बघा, या ऑपरेशनच्या दोन दिवस आधीपासून रोग्याने फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घ्यायच्या नसतात. घेतल्या तर हात आधीच भरलेले, रंग पकडणार कोण?

चौथी युक्ती, कुलूपबंद दिवा. रंगाला एक झाकण लावून पाठवायचं. गाठीभोवती प्रथिनं कापणारे एन्झाइम जास्त असतात. ते झाकण कापतात आणि मगच दिवा लागतो. स्तनाच्या कॅन्सरसाठीच्या पेगुलिसायनिन या अशा रंगाला एप्रिल २०२४ मध्ये एफडीएची मान्यता मिळाली. त्यासोबत सक्त इशाराही आहे, काही जणांना याची जिवावर बेतणारी ॲलर्जी येऊ शकते.

आमचा फसलेला प्रयोग

एवढं वाचल्यावर आम्हा तिघा मित्रांना चेव आला. मिनी प्रोजेक्टला आपणही असा कॅमेरा बनवू! ४०५ नॅनोमीटरचे एलईडी आणले, जुना वेबकॅम होता. निळा प्रकाश अडवून फक्त लाल घेणारा फिल्टर पाहिजे होता. चांगल्या फिल्टरची किंमत बघून आम्ही चौफुल्याच्या एका मांडववाल्याकडून स्टेजच्या लाइटला लावतात तो लाल जिलेटिन कागद मागून आणला. दौंडच्या बाजारातून चिकन आणलं. (रूमवरच्या शाकाहारी मित्राने दोन दिवस अबोला धरला.) पालकाच्या अर्काचा थेंब चिकनच्या तुकड्यावर टाकला. तोच आमचा 'कॅन्सर'.

पहिल्या दिवशी स्क्रीनवर सगळंच चिकन चमकलं! कारण सोपं आहे, पण अंगावर आल्याशिवाय कळत नाही. चमकून आलेला प्रकाश टाकलेल्या प्रकाशाच्या मानाने हजारो पटींनी क्षीण असतो. फिल्टरमधून टाकलेला प्रकाश एखादा टक्का जरी गळला तरी खरा सिग्नल त्यात बुडतो. पाफोलासायनिनचं बघा, तो साधारण ७७६ नॅनोमीटरला प्रकाश घेतो आणि ७९६ ला देतो. अंतर जेमतेम २० नॅनोमीटर. फिल्टरची धार किती तीक्ष्ण पाहिजे याचा विचार करा. शिवाय ऑपरेशन थिएटरचे मोठे दिवे चालू असतात. म्हणून काही यंत्रांत दिव्याची उघडझाप आणि कॅमेऱ्याची उघडझाप एका तालात बांधतात आणि एक फ्रेम दुसरीतून वजा करतात. सिग्नल प्रोसेसिंगच्या तासाला झोप काढू नका एवढंच सांगणं.

जिलेटिनचे तीन थर लावून दुसऱ्या दिवशी थेंब दिसला. मग आम्ही त्याच्यावर दोन मिलिमीटरचा चिकनचा काप ठेवला. थेंब गायब! निळा-जांभळा प्रकाश मांसात मिलिमीटरभरही धड जात नाही, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि मांसाचं विखुरणं त्याला गिळतं. रात्री बॅटरी तळहाताखाली धरून बघा, बोटं लाल दिसतात, निळी कधीच नाही. म्हणून नवे रंग ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या खिडकीत बनवतात. तिथे हिमोग्लोबिनचा आणि पाण्याचा अडथळा सर्वांत कमी. तो प्रकाश आपल्या डोळ्याला दिसत नाही, पण सिलिकॉनच्या सेन्सरला दिसतो. टीव्हीच्या रिमोटचा एलईडी मोबाइलच्या कॅमेऱ्यात (जमलं तर समोरच्या) बघा, पटेल. अर्थात या खिडकीतूनही काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभरच दिसतं. अंगाबाहेरून आतली गाठ दाखवणारा हा जादूचा आरसा नाही.

गाईड सरांनी मार्क दिले ते 'अपयशाचं विश्लेषण' या सदराखाली. असो.

मग आत्याच्या तोंडाचं काय?

तोंडाच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये पेशीवर ईजीएफआर नावाचे रिसेप्टर जास्त असतात. त्यांना चिकटणारी अँटिबॉडी रंगाला बांधून अमेरिकेत रोग्यांवर चाचण्या झाल्या आहेत, पण ऑपरेशनमध्ये कड ओळखण्यासाठी तो अजून सर्रास वापरात नाही. जपानमध्ये याच्या पुढची पायरी आहे. तिथे सप्टेंबर २०२० मध्ये अशाच अँटिबॉडीला बांधलेल्या एका रंगाला मान्यता मिळाली, ऑपरेशन शक्य नसलेल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी. ६९० नॅनोमीटरचा लाल प्रकाश टाकला की तो रंग चिकटलेल्या पेशीलाच मारतो. पत्ताही सांगतो आणि बंदोबस्तही करतो.

आपल्याकडेही काम चालू आहे. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने कोणताही रंग न देता तोंडातल्या त्वचेची नैसर्गिक चमक मोजून धोका ओळखणारं छोटं यंत्र बनवलं. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये रामन परिणाम वापरून तोंडाच्या कॅन्सरवर संशोधन झालंय.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रंग चुकतोही. सूज आलेली जागा, एखादी निरोगी गाठ चमकू शकते आणि खोल दडलेली कॅन्सरची पेशी चमकत नाही. शेवटचा शब्द अजूनही सूक्ष्मदर्शकाचाच. आणि ही औषधं, हे कॅमेरे महाग आहेत. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात ते कधी येतील? स्वस्त कॅमेरा आणि स्वस्त फिल्टर बनवणं हे डॉक्टरांचं काम नाही, आपलं आहे. आमचा जिलेटिन कागद फसला, तुमचा कदाचित फसणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी आत्याच्या घरी गेलो. स्वयंपाकघरातला दिवा घालवून वाटीतल्या स्पिरिटमध्ये तिचीच हळद ढवळली आणि टॉर्च मारली. सगळं समजावून सांगितलं. ती आता एका बाजूने चावते, थोडं अडखळत बोलते. बराच वेळ वाटीकडे बघून म्हणाली, "म्हंजे चोराच्या अंगावर गुलाल टाकायचा आन् मग गर्दीत हुडकायचा." माझ्या दोन वर्षांच्या वाचनाचा सारांश तिने एका वाक्यात काढला! मग म्हणाली, "पर मी चार म्हैनं चोराला घरात जेवू घातलं, त्याला तुजा रंग काय करनार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. टाटा मेमोरियल १९४१ मध्ये सुरू झालं तेव्हापासून डॉ. वसंत रामजी खानोलकरांसारखे लोक तंबाखू आणि तोंडाचा कॅन्सर यांचं नातं सांगत आले. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. तरी मिश्रीची डबी घराघरांत आहे आणि आपल्या हॉस्टेलच्या गॅलरीतल्या पिचकाऱ्या तुम्ही बघताच.

तेव्हा जाता जाता एक विनंती. या सुट्टीत घरी गेलात की आई, आजी, मामा, जो कोणी मिश्री लावतो किंवा तंबाखू खातो, त्याला उजेडात बसवा आणि तोंड उघडायला सांगा. मोबाइलची टॉर्च पुरते. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, जिभेखाली बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड, तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडणं, यातलं काहीही दिसलं तर "दात लागतोय" म्हणू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या. आणि स्वतःचंही तोंड आरशात बघा. कोणासाठी म्हणतोय ते तुम्हाला कळलंय.